धाकटी दारात उभी आहे आणि चोरीला गेली आहे

१

गाडी सापडली, चोर घरातलाच निघाला आणि कुणालाही अटक झाली नाही. उलट चोराला गाडीचं दार अदबीने उघडून देण्यात आलं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही झालेलंच नाही. शनिवारची सकाळ आहे, कुणाला काही माहीत नाही, आणि सासरेबुवा एकाच पायात चप्पल घालून अंगणात उभे आहेत.

"सूनबाई," ते म्हणाले, "गाडी चोरीला गेली."

सूनबाई दात घासत होती. तिने खिडकीतून खाली पाहिलं. अंगणात गाडी उभी होती. क्रीम रंगाची, बिस्किटांच्या डब्यासारखी चौकोनी, दोन गोल दिव्यांची, आणि तोंडावर कायम 'माझं काही चुकलं का' असा भाव. सासरे तिच्या बॉनेटला टेकूनच बोलत होते.

"कोणती गाडी, बाबा?"

"माझी."

"तुम्ही जिला टेकला आहात, ती?"

"ही माझी नाही," सासरे म्हणाले, आणि गर्दीत परक्या बाईला धक्का लागावा तसे ओशाळून बाजूला झाले.

सूनबाई विमा कंपनीत सर्व्हेअर होती. ठोकलेल्या गाड्या पाहायच्या आणि मालक किती खोटं बोलतोय ते सांगायचं, हा तिचा धंदा. उभ्या गाडीवर झाड चालत येऊन आदळलं असं छातीठोकपणे सांगणारे लोक तिने पाहिले होते. पण चोरीला गेलेल्या गाडीला टेकून तक्रार करणारा माणूस तिच्या नोकरीत प्रथमच येत होता, आणि तोही घरातला.

शिवाय सासरे खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. जन्मभर वजनमाप निरीक्षक म्हणून त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले. निवृत्त झाल्यावरही साखरेची पिशवी तळहातावर तोलून तिच्याकडे संशयाने बघायची सवय सुटली नव्हती.

एवढ्यात त्यांचा मुलगा, म्हणजे सूनबाईचा नवरा, बाहेर आला. तो वाहन तपासणी कचेरीत निरीक्षक. बापाने काटे तपासले, मुलगा गाड्या तपासतो. या घरात कुणी कुणाला सहज पास करत नाही. घरी त्याचं नाव नियमबुवा.

"बाबा, नंबर बघा. तोच आहे ना?"

"नंबर तोच आहे."

"उशी आपली, छत्री आपली, थर्मास आपला. काल संध्याकाळी तुम्हीच आईला घेऊन चष्म्याच्या दुकानात गेलात आणि आलात."

"गेलो. तेव्हाच संशय आला. रात्रभर विचार केला. ही ती नव्हे."

नियमबुवाने बायकोकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "बाबा, गेल्या आठवड्यात तुम्ही चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता."

"डोळ्यांची आग होत होती."

"जो माणूस स्वतःची गाडी ओळखत नाही, त्याने ती चालवू नये. मी म्हणत नाही, नियम म्हणतो. उद्या संध्याकाळी किल्ली माझ्याकडे द्या. सोमवारी लायसन्स परत करून येऊ. जाताना त्या डॉक्टरांनाही दाखवू."

"कोणत्या?"

"डोक्याच्या."

 सासऱ्यांनी पायातली एकुलती चप्पल काढली, हातात घेतली आणि अनवाणी आत निघून गेले. शिक्षा ऐकून परतणारा माणूसही यापेक्षा रुबाबात चालतो.

दारात सासूबाई उभ्या होत्या. ज्यावर सासूबाईंचं मत नाही असा विषय अजून जन्माला यायचा होता. त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

सूनबाईने तोंडातला फेस थुंकला आणि तपास हातात घेतला.

२

"काय बदललंय ते एकेक सांगा," ती म्हणाली. सासरे गाडीपासून चार हात लांब, सोयरीक मोडलेल्या घरी आल्यासारखे उभे होते.

"दार एका धक्क्यात लागतं."

"बरं."

"हॉर्न वाजतो. डावा सिग्नल दिला की डावाच लागतो. आणि पेट्रोलचा काटा हलतो. माझा काटा मी घेतल्यापासून अर्ध्यावर होता. मी गाडी हलवून आवाजावरून पेट्रोल ओळखायचो."

"म्हणजे गाडी सुधारली."

"तिचा स्वभाव मला माहीत आहे, सूनबाई. ती सुधारणाऱ्यातली नव्हे."

"अजून काही?"

सासऱ्यांनी घराकडे पाहिलं. "आणखी एक गोष्ट आहे. खरं तर तीच आहे. पण ती सांगणार नाही. घरातली बाब आहे."

"मी घरातलीच आहे."

"त्याहून आतली," सासरे म्हणाले आणि विषय संपला.

सूनबाईने आधी चॅसी नंबर पाहिला, कारण कुठलाही सर्व्हेअर तोच पाहतो. पण लोखंडात ठोकलेले ते आकडे बॅटरीच्या पाण्याने आणि गंजाने कधीच खाऊन टाकले होते. तपासणी कचेरी दर वर्षी त्या रकान्यात 'पूर्वीप्रमाणे' असा शेरा मारायची. पूर्वी काय होतं ते पूर्वीच्यांना ठाऊक.

मग ती गुडघे टेकून नंबरप्लेटसमोर बसली. प्लेट गंजलेली, कडा झिजलेल्या. पण चारही स्क्रूंच्या खाचा लखलखीत होत्या. नुकताच कुणीतरी त्यांत पेचकस फिरवला होता.

मागच्या सीटखाली तिने बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. पावडर? तिने हुंगलं. मैदा. या गाडीत सासऱ्यांनी लेकाला लहानपणी गोळी चघळू दिली नव्हती, आणि रबरी पायपोसाच्या खाचांत मैदा होता.

शेवटी पुढच्या सीटवरची उशी. तिच्या एका बाजूला सासूबाईंनी लग्नानंतर हौसेने फुलं भरली होती. पुढे कळलं की त्या फुलांच्या गाठी टोचतात. तेव्हापासून फुलं खाली आणि साधी बाजू वर अशी उशी ठेवायची, हे फक्त सासूबाई करत. बाकी कुणीही ती गाडीत ठेवली तर फुलं वर ठेवी, आणि पुढचे दोन चौक बोलणी खाई.

फुलं खाली होती.

सूनबाईने उशी तशीच ठेवली. गाडी काल दिवसभर वार्षिक तपासणीसाठी बाहेर होती. मिस्त्रींनी नेली, पास करून आणली. मधल्या काळात तिच्यातली प्रत्येक वस्तू बाहेर निघून पुन्हा आत गेली असेल, तर उशी ठेवणारा हात घरातला होता.

स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा हलला आणि स्थिर झाला.

३

गावात ही गाडी धरून चारच बहिणी उरल्या होत्या, आणि त्या चौघींच्या मालकांचं एक मंडळ होतं. सासरे, गॅरेजवाले मिस्त्री, बेकरीवाल्या बाई, आणि मंडळाचे अध्यक्ष डेंटिस्ट. सूनबाई आधी अध्यक्षांकडे गेली. त्यांनी सवयीने तिला खुर्चीत आडवं केलं.

"दात नाही हो, गाडी."

"ती तर त्याहून नाजूक," डॉक्टर म्हणाले. "कुठपासून सांगू?"

त्यांनी सुरुवातीपासूनच सांगितलं, कारण हातात आरसा असलेल्या माणसाला कुणी अडवत नाही. जपानमधल्या तीन भांडवलदारांच्या आद्याक्षरांवरून म्हणे आधी एक गाडी निघाली. मग तिच्याहून छोटी निघाली, तिला त्या गाडीचं लेकरू असं नाव दिलं. पण त्या नावाचा शेवट त्यांच्या भाषेत 'तोटा' या अर्थी पडतो असं लक्षात आलं, म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर बदलून लेकराचा सूर्य केला. पुढे मोठ्या कंपनीच्या घरात ती स्वस्तातली धाकटी म्हणून नांदली. ज्यांच्या घरात आधी कुणी गाडी घेतली नव्हती, त्यांनी ती घेतली. मग एक दिवस मोठ्या कंपनीने ठरवलं की सगळीकडे आपलंच नाव पाहिजे, आणि धाकटी बंद. खूप वर्षांनी परत काढली, पुन्हा स्वस्तात, पुन्हा पहिलटकरांसाठी. थोड्याच वर्षांत पुन्हा बंद.

"दोनदा मेली," डॉक्टर म्हणाले. "एवढं तर माझ्या पेशंटांचे दातही करत नाहीत. म्हणून आम्ही तिचं पूर्ण नाव घेत नाही. धाकटी म्हणतो. तिसऱ्यांदा सुतक नको."

"चारही गाड्या इतक्या सारख्या कशा दिसतात, डॉक्टर?"

"सारख्याच आहेत. चौघी पहिल्या जन्मातल्या. पोचा आला की मी भरतो. दात भरणं आणि दार भरणं, हात एकच लागतो. आणि रंग चौघींना एकाच पिंपातला. मिस्त्रींना स्वस्तात मिळाला होता. एका शाळेच्या भिंतींचा उरलेला."

"बाबांच्या गाडीचा हॉर्न एकदम चांगला झालाय."

डॉक्टरांचा चेहरा फुलला. "होणारच. तो हॉर्न म्हणजे चौघींतला एकमेव. या महिन्यात तो बाईंकडे अस..."

ते थांबले. त्यांनी आरसा खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि त्यात स्वतःचेच दात पाहिले.

"तोंड उघडा," ते म्हणाले.

"माझं?"

"नाही. मी माझ्याशी बोलतोय. बंद ठेवायला पाहिजे होतं."

४

मिस्त्री गॅरेजच्या दारात उंच स्टुलावर बसून चहा पीत होते. कमरेला हातभर रुंद पट्टा होता, आणि पाठीचा कणा असा ताठ की राष्ट्रगीत सुरू आहे की काय असं वाटावं.

"पाठ?" सूनबाईने विचारलं.

"पाठ नावाची गोष्ट होती, असं म्हणा. वाकायला मनाई. बशी खाली पडली तरी नवी घेतो."

"काल बाबांच्या गाडीचं काय काय केलं?"

"सगळं," मिस्त्री घाईने म्हणाले. "हॉर्न बसवला, सायलेन्सर बदलला, सिग्नलच्या तारा ओढल्या, दाराची बिजागरी केली, टाकीचा काटा..."

"सायलेन्सरला गाडीखाली कोण झोपलं?"

मिस्त्रींनी चहाचा मोठा घोट घेतला. कप रिकामा होता.

"मदतनीस आहे कुणी?"

"नाही हो. आजकाल कोण शिकतंय या गाड्या. सध्या मी स्टुलावर बसून होतील तेवढीच कामं घेतो." आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी जोडलं, "आणि जी होत नाहीत ती पण घेतो. मनाने."

भिंतीला टेकून एक दुसरं, बुटकं स्टूल उभं होतं. त्यावर पेचकस ठेवलेला. सूनबाईने ते स्टूल उचललं, दारातल्या मिस्त्रींच्या स्वतःच्या धाकटीसमोर ठेवलं आणि बसली. डोळे नेमके नंबरप्लेटच्या उंचीला आले.

"मिस्त्री, काल दुपारी आमच्या सासूबाई इथे आल्या होत्या?"

"त्यांचं विणकाम गाडीत राहिलं होतं," मिस्त्री म्हणाले. एवढं उत्तर फार पटकन आणि फार सरळ आलं. पाठ केलेलं होतं.

"विणकाम? सासूबाई विणत नाहीत."

"तेच म्हणालो त्यांना," मिस्त्री खिन्नपणे म्हणाले. "म्हटलं, दुसरं काहीतरी सांगा."

५

बेकरीवाल्या बाई रविवारी सकाळी पाव पोचवायला निघत होत्या. त्यांच्या धाकटीच्या मागच्या सीटवर ट्रे रचलेले. सूनबाई म्हणाली, "मला कोपऱ्यापर्यंत सोडाल?"

बाईंचा चेहरा असा झाला की जणू तिने सोडायला नाही सांगितलं, सोडचिठ्ठी मागितली. पण नाही म्हणायला कारण सुचेना. गाडी निघाली. निघताना खोकली, मग शिंकली, मग अंगात वारं आल्यासारखी थरथरली. उजवीकडे वळताना बाईंनी सिग्नल दिला तो डावीकडचा लागला. एक सायकलवाला मध्ये आला. बाईंनी हॉर्न दाबला. काहीच झालं नाही. मग बाईंनी खिडकीतून तोंड काढून "पॉं" असं म्हटलं.

"गाडी थोडी बिघडलीय का, बाई?"

"थोडी... म्हातारी झाली."

"पेट्रोल किती आहे?"

बाईंनी काट्याकडे पाहिलं. काटा अर्ध्यावर होता. सूनबाईने शेजारून टिचकी मारली. काटा अर्ध्यावरच राहिला. कोपरा आला. गाडी थांबली.

"मैद्याचा मागमूस नाही हो गाडीत," सूनबाई म्हणाली. "रोज पाव नेता, आणि पायपोस कोरा."

"मी स्वच्छ ठेवते."

"हो, दिसतंय." सूनबाईने उतरण्यासाठी दाराच्या कडीला हात घातला आणि ओढली.

दार उघडलं नाही.

तिने पुन्हा ओढली, खांदा लावला. दार ढिम्म. बाईसुद्धा गोंधळून पाहत होत्या. शुक्रवारपासून त्या दाराशी त्यांचाही संबंध आला नव्हता.

"आतून उघडत नाही वाटतं," बाई पुटपुटल्या. "अरे देवा. मग त्या कशा..."

त्या उतरल्या, गाडीला पूर्ण वळसा घालून आल्या आणि बाहेरून दार उघडलं.

सूनबाई मात्र उतरली नाही. ती तशीच बसून राहिली. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तिने एक दृश्य शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि नवऱ्याला त्यावरून टोमणेही मारले होते. गाडी थांबते. सासूबाई राणीसारख्या आत बसून राहतात. सासरे उतरतात, वळसा घालतात, दार उघडतात. "शिक जरा बाबांकडून," ती नवऱ्याला म्हणायची.

आणि सासरे म्हणाले होते, त्याहून आतली बाब.

६

दुपारभर सूनबाई माडीवर बसून राहिली. सर्व्हेअरला सत्य कळलं की अहवाल लिहून मोकळं होता येतं. सुनेला तसं होता येत नाही. खरं बोलावं तर चार गाड्या कायमच्या उभ्या राहतात. न बोलावं तर सासरे कायमचे बसतात. आणि ज्याला सांगायचं तो वाहन निरीक्षक तिच्याच ताटात जेवतो.

शेवटी तिने सगळ्यांना संध्याकाळी गॅरेजमध्ये बोलावलं. दोन गाड्या शेजारी शेजारी लावल्या, घरची आणि बेकरीची. डॉक्टर, मिस्त्री, बाई एका बाकावर वर्गाबाहेर काढल्यासारखे बसले. सासूबाई उभ्या राहिल्या. सासऱ्यांच्या मुठीत किल्ली होती, आणि नियमबुवाचा हात ती घ्यायला अर्धा पुढे आलेला.

"थांब," सूनबाई म्हणाली. "बाबांचं डोकं ठिकाणावर आहे. चोरी झालीय."

"पण नंबर..."

"नंबर हलला, गाडी नाही. चारही धाकट्या एकाच पिंपात रंगवलेल्या, एकाच डॉक्टरने भरलेल्या. त्यांना वेगळं करतात त्या फक्त प्लेटा. आणि प्लेटांचे स्क्रू शुक्रवारी फिरलेत. बुटक्या स्टुलावर बसून होणारं तेवढं एकच काम आहे. मिस्त्री, बरोबर?"

मिस्त्रींनी मान हलवायचा प्रयत्न केला. पट्ट्यामुळे सगळं धड हललं.

"का पण?" नियमबुवा म्हणाला.

"कारण चौघींत मिळून चालू हॉर्न एकच आहे. बरा सायलेन्सर एक. हलणारा काटा एक. बाजारात भाग मिळत नाहीत, कंपनी दोनदा वारली. म्हणून दर वर्षी जिची तपासणी, तिच्या अंगावर सगळा चांगला ऐवज चढवायचा, पास झाली की उतरवून पुढचीला द्यायचा. लग्नघरात एकच शालू चार बहिणी नेसतात तसा. या वर्षी आधी बाईंची गाडी पास झाली, ऐवज तिच्यावर होता. पुढचा नंबर बाबांचा. पण मिस्त्रींची पाठ गेली. सायलेन्सर उतरवून चढवणार कोण? म्हणून शालू काढण्याऐवजी त्यांनी बहीणच बदलली. बाईंच्या गाडीला बाबांची प्लेट लावली आणि पास करून आणली. मैदा तिथला."

नियमबुवा बाकावरच्या तिघांकडे पाहत होता. शेजारच्या रांगेत, त्याच्यापासून हाताच्या अंतरावर ही गाडी पास झाली होती. बापाची गाडी मुलगा तपासत नाही या नियमाची त्याने स्वतः कचेरीला आठवण करून दिली होती.

"थांबा," सासरे म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "दर वर्षी म्हणालीस."

बाकावरचे तिघं एकमेकांच्या जवळ सरकले.

"माझी गाडी दर वर्षी स्वतःच्या गुणांवर पास होत नव्हती?"

"गुणांवरच होत होती, साहेब," मिस्त्री म्हणाले. "फक्त गुण उसने होते."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही त्याच दिवशी जाऊन कळवलं असतं," डॉक्टर म्हणाले. "आणि गाडी उभी केली असती. मग रविवारी आम्ही तिघंच फिरायला जाणार, ते तीन चाकांवर गेल्यासारखं."

सासऱ्यांनी किल्ली तळहातावर तोलली. "म्हणजे माझ्या काट्याखाली दर वर्षी कुणीतरी चुंबक धरून उभं होतं," ते म्हणाले. ते रागाने म्हणाले नाहीत, म्हणून ऐकायला जास्त वाईट वाटलं. बेकरीवाल्या बाईंनी डोळ्याला पदर लावला आणि पाव कुणाला हवाय का असं विचारलं.

"पण प्लेटा संध्याकाळी परत बदलायच्या होत्या," सूनबाई पुढे म्हणाली. "मिस्त्री तयार होते, स्टूलही तयार होतं. मग का राहिल्या? कारण दुपारी कुणीतरी न विणलेलं विणकाम घ्यायला आलं. त्या 'कुणीतरी'ने सामान एका गाडीतून दुसरीत हलवलं, उशी फुलं खाली करून ठेवली, बसून पाहिली आणि दार आतून उघडून स्वतः उतरली. आणि म्हणाली, राहू दे अशीच."

सगळ्या माना सासूबाईंकडे वळल्या. मिस्त्रींचं धड वळलं.

"आई," नियमबुवा म्हणाला, "तू?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "ओरडू नकोस, नियमात बसत नाही." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुमचा गुडघा. गाडी थांबली की वाहत्या रस्त्याच्या बाजूने लंगडत वळसा घालून येता. मागून ट्रक येतात. मी आत बसून काचेतून बघते. दार आतून उघडत नाही, म्हणून नुसती बघते. दर वेळी वाटतं, आता काही झालं तर मी आतच."

"मला वाटायचं तुला ते आवडतं," सासरे म्हणाले.

"आवडतं हो. त्याच्यावर बायका अजून जळतात. पण हल्ली तुम्ही वळसा घालून येईस्तोवर दुकान बंद व्हायला लागलं."

"आणि परवा चष्म्याच्या दुकानापाशी मी पोचायच्या आत तू खाली उतरून उभी. मला वाटलं, माझ्या हातून काही चुकलं."

"तेवढ्यावरून गाडी ओळखलीत?"

"अगं, हॉर्न काय, कुणाचाही वाजेल. पण त्या दाराशी तू नव्हतीस, तेव्हाच कळलं ही आपली नव्हे."

डॉक्टर छताकडे बघू लागले. छतात काही नव्हतं.

"मग काल सकाळीच का नाही बोललीस?" नियमबुवाने विचारलं. "मी बाबांना डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायला निघालो होतो."

"तुझ्यासमोर? तू या तिघांच्या गाड्या तिथल्या तिथे जप्त केल्या असत्यास. म्हटलं, दोन दिवसांत यांना सवय होईल. चांगल्या गोष्टीची होते म्हणतात. नाहीच झाली तर तू किल्ली घ्यायच्या आत बोलणार होते. तोंड उघडलंच होतं, ही मध्ये पडली." सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत राग बराच होता, आणि तो खोटा होता. "फुलं खाली. एवढ्यावरून सासूला पकडलंस."

"तुमच्याच हाताखाली शिकले."

सासऱ्यांनी घसा साफ केला. "मिस्त्री, खरं सांगा. चौघांच्या मिळून नियमाप्रमाणे किती गाड्या होतात?"

मिस्त्रींनी बोटांवर मोजलं. "एक. तीही लांबून पाहिली तर."

"मग तसंच लिहून द्यायचं. खरं माप. काय तो निकाल लागू दे." त्यांनी किल्ली मुलापुढे धरली.

नियमबुवाने किल्लीकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर कलमं सरकताना दिसत होती.

"आज रविवार आहे," तो शेवटी म्हणाला. "रविवारी मी काही पाहत नाही. उद्या अर्ज येईल. तो माझ्याच टेबलावर येईल, आणि मी तो मंजूर करू शकत नाही, कारण अर्जदार माझे वडील आहेत. मग तो वर जाईल. वरचे मंजूर करणार नाहीत, कारण असा अर्ज जगात कुणी केलेला नाही. पण जोवर अर्ज प्रलंबित आहे, तोवर वाहनाची सद्यस्थिती कायम राहते. कलम आहे."

"आणि निकाल किती दिवसांत लागतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"निकाल लागलेला मी अजून पाहिलेला नाही," नियमबुवा म्हणाला. "मात्र हॉर्न प्रत्येकीला पाहिजे. सायकलचा पिपाणीवाला चालेल. बाईंनी तोंडाने वाजवायचा नाही. सिग्नल सुधारेपर्यंत हात बाहेर काढून दाखवायचा."

त्याने बापाची मूठ किल्लीसकट बंद केली. मग जरा वेळाने, कुणाकडेही न बघता म्हणाला, "चष्मा फ्रिजमध्ये ठेवायचा असेल तर ठेवा, बाबा. वरच्या कप्प्यात. खाली ओला होतो."

स्टुलावर बसून मिस्त्रींनी प्लेटा बदलल्या. सासूबाईंनी उशी आपल्या गाडीत परत नेली, फुलं खाली केली आणि आत बसल्या. दार दोनदा आपटून लागलं. गाडी खोकली, शिंकली, थरथरली. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर, परदेशी गेलेलं माणूस घरी येऊन पहिल्यांदा खाकरलं की जसं समाधान पसरतं, तसं पसरलं.

घरापाशी गाडी थांबली. सासरे उतरले. पण या वेळी त्यांनी गाडी रस्त्यावर न थांबवता फाटकातून आत, सासूबाईंचं दार पायरीला लागेल अशी उलटी लावली होती, म्हणजे वळसा ट्रकांच्या वाटेत येत नव्हता. गुडघा धरत, हळूहळू, बॉनेटला हात टेकत ते आले आणि चोराला दार उघडून दिलं.

"उशीर झाला," सासूबाई म्हणाल्या.

"उतरायचं तर उतर," सासरे म्हणाले.

७

प्रति, मुख्य निरीक्षक, वाहन तपासणी कचेरी.

विषय: चार वाहनांस एक वाहन समजण्याबाबत.

महोदय, आम्ही खाली सही करणारे चार वाहनमालक नम्रपणे कळवतो की, आमच्याकडे क्रीम रंगाची चार जपानी वाहनं असून, त्यांतलं एकही पूर्ण नाही आणि चारही मिळून एक पूर्ण होतं. सदर वाहनाची निर्माती पेढी दोन वेळा बंद झालेली असल्याने तिच्याकडे दाद मागता येत नाही. आजवर हे माप आपल्यापासून लपवण्यात आलं, याबद्दल अर्जदार क्रमांक एक दिलगीर आहेत. उरलेले तीन, क्रमांक एकच्या आग्रहास्तव, दिलगीर आहेत.

तरी सदर चारही वाहनं हे एकच वाहन असून ते निरनिराळ्या चार ठिकाणी उभं असतं असं मानून त्याची वर्षातून एकदाच तपासणी व्हावी. ते एकाच वेळी चार दिशांना जाताना आढळल्यास अडवू नये. आणि अर्जदार क्रमांक एक यांच्या वाहनाचं डाव्या हाताचं दार आतून उघडत नाही, हा दोष न मानता जोडणी समजण्यात यावी व ते कुणालाही, कोणत्याही कारणास्तव, दुरुस्त करू देऊ नये, ही विनंती.